कानाचे माप आणि ग्रॅहम बेल

कर्नाळ्यातले पक्षी कमी झाले, अशी तक्रार घेऊन एक निवृत्त शिक्षक मागच्या हिवाळ्यात आमच्या ओपीडीत आले होते. खरे तर तक्रार माझ्याकडे नव्हतीच, महामार्गावरच्या वाहतुकीविरुद्ध होती. माझ्याकडे त्यांना काकूंनी ओढून आणले होते. गुरुजी पनवेलचे. थंडी पडली की भल्या पहाटे कर्नाळा अभयारण्यात जायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. भारद्वाजाचा घुमारा अजून ऐकू येतो, तांबटाची ठोकठोक ऐकू येते, मग शिंजीर आणि फुलटोचे गेले कुठे, असे त्यांचे म्हणणे. काकूंचे म्हणणे वेगळे होते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक यांना ऐकूच येत नाही की ऐकायची नसते, एवढे डॉक्टरांनी एकदा सांगून टाकावे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. वय वाढते तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज कानातून निसटतात. भारद्वाज खालच्या पट्टीत बोलतो, म्हणून तो टिकतो. शिंजीर वरच्या पट्टीत, म्हणून तो जातो. माणसाच्या बोलण्यातही तेच. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, श, त, फ ही व्यंजने वरच्या पट्टीतली, ती गळतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. पक्षी कर्नाळ्यातच होते. गुरुजींना कानाचे मशीन बसवले. तीन महिन्यांनी मशीन लावून पुन्हा तपासणी केली, तर उंच पट्टीत वीस-पंचवीस डेसिबलची सुधारणा. फाइलवर तसा शेरा मारला आणि सहज विचारले, की मशीन रोज किती तास लावता? गुरुजी गप्प. काकूंनी सांगितले, की मशीन कपाटाच्या खणात डबीत आहे, अगदी नव्यासारखे.

फाइल म्हणते सुधारणा झाली, खण म्हणतो झाली नाही. मोठ्या माणसांच्या बहिरेपणावर केलेल्या उपचाराचा खरोखर उपयोग झाला का, हे मोजायचे कसे, हा प्रश्न असा आमच्या टेबलावर रोज येऊन बसतो. त्या कागदावर छापलेला ‘डेसिबल’ हा शब्द ज्याच्या नावावरून आला, त्या माणसाच्या घरातही तो होता. म्हणून आज अलेक्झांडर ग्रॅहम बेलविषयी.

शाळेत आपण त्याला टेलिफोनचा संशोधक म्हणून पाठ केले. तो स्वतःला शेवटपर्यंत बहिऱ्यांचा शिक्षक समजत असे. जन्म ३ मार्च १८४७, स्कॉटलंडमधले एडिंबरो. आजोबा वक्तृत्व शिकवणारे, वडीलही तेच. वडिलांनी ‘व्हिजिबल स्पीच’ नावाची एक लिपी तयार केली होती. जीभ कुठे लागते, ओठ कसे होतात, घसा काय करतो, हे दाखवणारी चिन्हे. युरोपात त्याचे फार कौतुक झाले. आपल्याला मात्र ते वाचून थोडे हसू येते, कारण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी वर्णमालेची मांडणी आपण पहिलीतच घोकलेली असते. धाकटा अलेक तर घरच्या कुत्र्याला गुरगुरायला लावून त्याचा जबडा हाताने हलवायचा आणि त्याच्याकडून शब्दांसारखे काही वदवून घ्यायचा.

त्याची आई एलायझा चित्रकार होती, पियानो वाजवायची, आणि तिला फार कमी ऐकू येत असे. ती कानाला एक नळी लावी आणि लोक त्या नळीत ओरडत. पियानो वाजवताना ती नळीचे दुसरे टोक वाद्याच्या लाकडावर टेकवून ठेवी. अलेक मात्र नळीत ओरडत नसे. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो हळू, खालच्या आवाजात बोलायचा आणि तिला ते कळायचे. जेवणाच्या टेबलावर चार लोक एकदम बोलू लागले, की तो शेजारी बसून बोटांच्या अक्षरांनी तिला गप्पा सांगत राही. कोणत्या वेळी तिला काय उपयोगी पडते, हे त्या पोराने आईकडे बघूनच ठरवले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज लागणार आहे.

क्षयाने अलेकचे दोन्ही भाऊ गेले, एक १८६७ मध्ये आणि दुसरा १८७० मध्ये. उरलेला एकुलता मुलगा तरी हवा बदलून वाचावा म्हणून आईवडिलांनी त्याला घेऊन कॅनडा गाठले. पुढच्याच वर्षी तो बोस्टनला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेला. तिथे त्याला दोन विद्यार्थी मिळाले, ज्यांच्या वडिलांच्या पैशावर पुढे टेलिफोन उभा राहिला. एक, सँडर्स नावाच्या व्यापाऱ्याचा लहानगा जॉर्ज. दुसरी, गार्डिनर हबर्ड या वकिलाची मुलगी मेबल. मेबलला पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिचे ऐकणे पूर्ण गेले. पण तोवर ती बोलायला शिकलेली होती. घरच्यांनी तिचे बोलणे हट्टाने टिकवले, आणि ओठांच्या हालचालीवरून समोरच्याचे बोलणे ओळखण्यात ती इतकी तरबेज झाली, की अनोळखी माणसाला काही कळतही नसे. बेल तिच्या प्रेमात पडला. ११ जुलै १८७७ रोजी लग्न झाले तेव्हा तो ३० वर्षांचा होता, ती १९ ची. टेलिफोन कंपनीतले आपले शेअर त्याने तिच्या नावावर केले, स्वतःकडे दहा ठेवले.

त्याआधीची एक हकिगत कानाच्या डॉक्टरांना विशेष प्रिय आहे. १८७४ च्या उन्हाळ्यात बेलला आवाजाच्या लहरी काचेवर उमटवायच्या होत्या. बहिऱ्या मुलाला स्वतःचा उच्चार डोळ्यांनी दिसला, तर तो सुधारता येईल, अशी कल्पना. बोस्टनमधले कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी सुचवले, की यंत्र कशाला बनवतोस, खरा कानच घे. आणि त्यांनी एका मृत माणसाचा कान, पडदा आणि आतल्या हाडांसकट, काढून दिला. बेलने त्या हाडाला गवताची काडी चिकटवली आणि काजळी धरलेली काच तिच्याखालून सरकवत कानात आवाज काढला. काडीने काचेवर नागमोडी रेघ ओढली. कागदासारखा पातळ पडदा एवढी जड हाडे हलवतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि मग एखादा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला. त्यातूनच टेलिफोन निघाला. ७ मार्च १८७६ ला पेटंट, आणि तीनच दिवसांनी शेजारच्या खोलीतला मदतनीस वॉटसन तारेवरून आलेली हाक ऐकून धावत आला. ज्या यंत्राने पुढे घरोघरी आवाज पोचवला, ते बहिऱ्यांसाठी चाललेल्या खटपटीत सापडले, आणि ते शोधणाऱ्याच्या आईला किंवा बायकोला त्याचा थेट उपयोग काहीच नव्हता. कानाची पहिली विजेची मशीन मात्र टेलिफोनच्याच तंत्रावर बनली. आज गुरुजींच्या खणात पडले आहे ते त्याच घराण्यातले.

१८७९ च्या सुमारास बेलने ऐकणे मोजायचे उपकरण केले. तारेची दोन वेटोळी. एकातून वीज जाई, दुसऱ्याला टेलिफोनचा कानाचा भाग जोडलेला. वेटोळी एकमेकांपासून दूर सरकवली की आवाज बारीक होत जाई. कुठल्या अंतरावर आवाज विरला, तेच त्या कानाचे माप. लंडनमध्ये ह्यूजनेही त्याच वर्षी तसेच यंत्र दाखवले. तोपर्यंत कान तपासणे म्हणजे खिशातले घड्याळ किती अंतरावरून टिकटिकताना ऐकू येते ते पाहणे. बेलने वॉशिंग्टनच्या शाळांतल्या मुलांचे कान या यंत्राने तपासले आणि कोणाच्या लक्षात न आलेली, थोडे कमी ऐकणारी कितीतरी मुले त्याला वर्गावर्गात सापडली. ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाचा आधी कान तपासा, हे आम्ही आजही शिक्षकांना सांगतो. १९२० च्या दशकात टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी आवाजाच्या मापाला त्याचे नाव दिले. बेल हे एकक फार मोठे पडले म्हणून त्याचा दहावा भाग, डेसिबल, रूढ झाला.

हे एकक जरा फसवे आहे. ते साध्या बेरजेने चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. रुग्णाला वाटते, ६० चे ४० झाले म्हणजे तिसरा हिस्सा बहिरेपणा गेला. तसे काही नसते.

बेलच्या आयुष्यातला मापाचा सगळ्यात बोलका प्रसंग मात्र कानाचा नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली ते कळेना, एक्स-रेचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. बेलने आपल्याच वेटोळ्यांचे एक यंत्र घाईघाईने तयार केले. धातूजवळ नेले की टेलिफोनमध्ये आवाज येई. बाकीच्या चाचण्यांत ते बरोबर चालले. राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर मात्र आवाज सगळीकडून येऊ लागला. गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. शिवाय प्रमुख डॉक्टरांची ठाम समजूत, की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून त्यांनी यंत्र फक्त उजवीकडे फिरवू दिले. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्रात खोट नव्हती, ते नको त्या जागी लावले गेले. गुरुजींच्या फाइलवरचा माझा शेरा मला यावरून आठवतो.

त्याच ऑगस्टमध्ये बेल दांपत्याचा नवजात मुलगा श्वास न पुरून काही तासांतच दगावला. बेलने मग श्वास देणारे, हवेच्या दाबावर चालणारे जाकीट बनवायला घेतले. दुःख झाले की यंत्र करायचे, असा त्याचा स्वभाव.

आता त्याच्या आयुष्यातला तो भाग, जो शाळेच्या पुस्तकात येत नाही. बेलचा पक्का विश्वास होता, की बहिऱ्याचे भले म्हणजे त्याने ऐकणाऱ्यांसारखे बोलणे. हातांच्या खुणांची भाषा शाळांतून जावी, बहिरे शिक्षक जावेत, बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळा बंद व्हाव्यात, असे त्याने जन्मभर मांडले. १८८३ मध्ये त्याने अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे एक मोठा निबंध वाचला. शाळांच्या नोंदींतून आडनावे मोजून त्याने दाखवू पाहिले, की बहिरी माणसे एकमेकांत लग्न करत राहिली, तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल. कायद्याने लग्ने बंद करा असे तो म्हणाला नाही, पण ती होऊ नयेत अशी व्यवस्था करा, असे सुचवले. त्याच सुमारास, १८८० मध्ये, इटलीत मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनेही खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव केला होता. पुढची कित्येक दशके देशोदेशींच्या शाळांत हात हलवले म्हणून मुलांनी मार खाल्ला. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत.

गंमत अशी, की बेलच्याच पैशाने चालणाऱ्या व्होल्टा ब्यूरोने १८९८ मध्ये एडवर्ड फे यांचा अभ्यास छापला. जोडप्यातला एक किंवा दोघेही बहिरे असलेल्या हजारो लग्नांची मोजणी. त्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ जोडप्यांना एकही बहिरे मूल नव्हते. मोजणी प्रामाणिक होती, आणि ती छापू देण्याइतका बेलही प्रामाणिक होता. पण मत फारसे बदलले नाही.

इतका हुशार, इतका कनवाळू माणूस असा का चुकला? माझे मत सांगतो. त्याच्या डोळ्यांसमोर मेबल होती. बोलणे शिकून झाल्यावर ऐकणे गेलेली, श्रीमंत घरातली, विलक्षण बुद्धीची मुलगी. तिला जे साधले ते जन्मतः बहिऱ्या गरिबाच्या पोराला साधावे, हा त्याने मापदंड केला. माप घेणारा तोच, माप काय असावे हे ठरवणाराही तोच. ज्यांच्या कानांविषयी हे चालले होते, त्यांना कोणी विचारले नाही. त्यांनी स्वतःहून निषेध केला, तो मनावर घेतला नाही.

आणि तरीही, १८८६ मध्ये हेलन केलर नावाच्या सहा वर्षांच्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीला घेऊन तिचे वडील आले, तेव्हा बेलने तिला मांडीवर घेतले, आपले घड्याळ तिच्या हातात दिले आणि बोस्टनच्या पर्किन्स संस्थेला लिहायला सांगितले. तिथून ॲन सुलिव्हन आली आणि हेलनचे जग उघडले, ते तळहातावर बोटांनी काढलेल्या अक्षरांनी. बेल स्वतः तिच्याशी तसेच बोलत असे. १९०३ मध्ये हेलनने आपले आत्मचरित्र त्याला अर्पण केले. आईच्या शेजारी बसून बोटांनी गप्पा सांगणारा मुलगा त्याच्यात जिवंत होता. फक्त व्यासपीठावर चढला की तो दिसेनासा व्हायचा.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या बॅडेकजवळच्या घरी मधुमेहाने बेल गेला. त्याच वर्षी जानेवारीत टोरंटोला पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले होते. बेलपर्यंत ते पोचले नाही. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. मेबल पाच महिन्यांनी गेली.

बेलनंतर यंत्रे सुधारत गेली, मापाची अक्कल त्यामानाने उशिरा आली. कानातले रिकिबीचे हाड घट्ट बसल्याने ऐकू येत नसेल, तर शस्त्रक्रिया होते. पूर्वी किती डेसिबल वाढले यावर ती यशस्वी धरत. १९८० च्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या शल्यविशारदांनी रुग्णांना विचारून पाहिले, तर वीस-तीस डेसिबल वाढूनही कित्येकांना काही फरक वाटत नव्हता, कारण दुसरा कान चांगला होता आणि माणूस त्यावरच जगत होता. त्यांनी ढोबळ नियम घातला : शस्त्रक्रिया केलेला कान ३० डेसिबलच्या आत आला, किंवा दुसऱ्या कानापासून १५ च्या आत पोचला, तरच रुग्णाला उपयोग जाणवतो. कानाच्या मशीनविषयी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने २०१७ मध्ये एक धीट प्रयोग प्रसिद्ध केला. दीडशेच्या आसपास वयस्क माणसांपैकी काहींना त्यांच्या नकळत आवाज न वाढवणारे मशीन दिले. खऱ्या मशीनवाल्यांना फायदा स्पष्टपणे जास्त झाला. म्हणजे उपयोग निव्वळ मनाचा खेळ नाही, हे तरी ठरले. मशीन लावले की विसराळूपणा टळतो का, हे मात्र हल्ली सगळे विचारतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९७७ ज्येष्ठांच्या तीन वर्षांच्या अभ्यासात सरसकट तसे दिसले नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत ऑस्ट्रेलियातली, १९९७ ची, आणि ती वहीच्या एका पानावर मावते. मशीन देण्याआधी माणसाला विचारायचे, की तुम्हाला नेमके कुठे आणि काय ऐकायचे आहे? त्याच्या शब्दांत चार-पाच गोष्टी लिहायच्या. काही आठवड्यांनी तीच यादी पुढे ठेवून प्रत्येकीत किती फरक पडला, ते त्यालाच सांगायला लावायचे. आमच्याकडच्या शिबिरांत किती मशीन वाटली त्याचा आकडा निघतो आणि फोटो येतो. ही यादी कोणी करत नाही, मीही करत नव्हतो.

गुरुजींना पुन्हा बोलावले आणि यादी केली. मला वाटले पहिला नंबर शिंजिराचा असेल. पहिली आली काकूंची स्वयंपाकघरातली हाक, मिक्सर चालू असताना. दुसरे, फोनवर नातीचे बोलणे. तिसरे, मंगळवारचे भजनी मंडळ, कारण तिथे मशीन लावले की टाळ डोक्यात घुसतात आणि म्हणूनच ते खणात गेले होते. पक्षी चौथे. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मोठ्या आवाजाची मर्यादा खाली आणली, कानातली बोंडी बदलली, रोज दोन तासांपासून सुरुवात करायला सांगितले. काकूंनाही एक काम दिले : हाक मारायच्या आधी मिक्सर बंद करायचा, आणि जमल्यास समोर येऊन बोलायचे.

दोन महिन्यांनी यादीवर गुरुजींनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले. हाक, बऱ्यापैकी. नात, पुष्कळ चांगले. टाळ, अजून त्रास, तिथे मशीन काढून ठेवतो. चौथ्या ओळीपुढची जागा कोरी आहे, कारण तेव्हा पावसाळा होता. डिसेंबरात कर्नाळ्याला जाऊन आल्यावर भरतो म्हणाले आहेत.